त्यांना सांगा

३ मार्च

जाऊबाई,

वर नमस्कार लिहिला नाही. लिहिला असता तर तुम्ही म्हणाला असता, इतके दिवस तोंडातून शब्द फुटला नाही आणि आता कागदावर वाकतेय. तेव्हा सरळ कामाचं लिहिते. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही "बरं" म्हणाल आणि ठेवून द्याल. पत्रही ठेवून देता येतं म्हणा, पण ते निदान घरात उरतं.

चादर तेव्हाच मिळाली. धुतलेली, वाळलेली, घडी केलेली. कुठली ते तुम्हाला माहीत आहे. पण पहिल्यापासून लिहिते, कारण त्या चादरीबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही आणि मला ते एकदा कोणाला तरी सांगायचंय.

त्या सकाळी उठले तर अंगाखालच्या चादरीवर रक्त. दिवस राहिलेत हे तोवर फक्त तुमच्या धाकट्या दिरांना आणि मला माहीत होतं. आम्ही ठरवलं होतं की थोडे दिवस जाऊ द्यायचे, मग घरात सांगायचं. आता हे सांगू की ते सांगू, मला काही सुचेना. मागच्या अंगणात धुवायला बसले तर सासूबाई बघणार. म्हणून मी ती चादर गुंडाळली, खाली आपल्या लाँड्रीत नेली आणि हॉस्पिटलच्या गठ्ठ्यात खुपसली. तिथे इतकं रक्त असतं, त्यात माझ्या एका डागाकडे कोण बघतंय?

शहाणीने एवढा विचार केला आणि कोपऱ्यातली हिरवी फुली विसरली. हॉस्पिटलच्या चादरींना निळे तीन टाके, तुमच्या कपड्यांना जांभळी फुली, माझ्यांना हिरवी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ती खूण तुम्हीच घालून दिलीत माझ्या सगळ्या कपड्यांवर. मी पिवळा दोरा मागितला होता. "पिवळा उन्हात उडतो," म्हणालात आणि हिरवा ओवलात. आपल्याकडे कोणाच्याच कपड्यांवर पिवळी खूण नाही, हे मला पुढे कळलं.

तर कपडे निवडायच्या टेबलावर तुम्ही होतात आणि तुमच्या हातात हिरवी फुली आली. गुलाबी चादरींच्या भांडणानंतर आपण एकमेकींशी बोलत नव्हतो. हॉस्पिटलचा पांढराशुभ्र गठ्ठा मशीनमधून गुलाबी होऊन निघाला, मी म्हणाले निवडणाऱ्याची चूक, तुम्ही म्हणालात मशीन भरणाऱ्याची, म्हणजे माझी, आणि तेव्हापासून सासूबाई आपल्या दोघींच्या पोस्टमन झाल्या. एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून आपलं चाललेलं. "त्यांना सांगा, इस्त्री तापली." "त्यांना सांगा, मला दिसतंय." सासूबाई मधे मान वळवून वळवून दमायच्या.

त्या संध्याकाळी चादर माझ्या पलंगावर होती. थंड पाण्यात मीठ घालून हाताने धुतलेली. मशीनमधून आलेलं कापड आणि हाताने चोळलेलं कापड मला आता ओळखू येतं, ते तुम्हीच शिकवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "त्यांना सांगा, हॉस्पिटलचे गठ्ठे आज त्यांनी पोचवावेत. टेम्पोत नुसतं बसायचं, उचलायचं काही नाही. आणि बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या मजल्यावर दुपारपर्यंत असतात."

सासूबाई म्हणाल्या, "गठ्ठ्यांत डॉक्टरीणबाई कुठून आल्या?"

"माहिती म्हणून सांगितलं," म्हणालात तुम्ही.

मी गेले. तुम्ही म्हणाला नसतात तर गेले नसते, घाबरून घरातच बसले असते. डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं आणि पडद्यावर एक टिंब दाखवलं. ते लुकलुकत होतं. म्हणाल्या, ठोके आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत असं रक्त चौघींतल्या एकीला तरी दिसतं. ठोके नीट असले की बहुतेक वेळा पुढे सगळं सुरळीत होतं, पण वचन देत नाही. रक्त वाढलं, पोटात कळा आल्या, चक्कर किंवा ताप आला, तर वाट न बघता यायचं.

घरी येऊन तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. पण तुम्ही सासूबाईंना सांगत होतात की आजपासून ओले गठ्ठे तुम्हीच उचलणार, तुमचं वजन वाढलंय, व्यायाम हवा. तुमचं वजन? वाळत घातलेला टॉवेल तुमच्यापेक्षा जड असतो. मला हसू आलं, रडूही आलं, आणि सांगायचं राहून गेलं.

मग भावजींना लांबच्या गावी त्या हॉटेलची लाँड्री चालवायचं काम मिळालं आणि तुम्ही निघालात. गाडीत बसताना माझ्याकडे पाहिलंही नाहीत. माझ्या हातातली भरलेली बादली मात्र काढून घेतलीत आणि खाली ठेवलीत.

रक्त अजून पूर्ण थांबलेलं नाही. थोडं थोडं दिसतं. मला भीती वाटते, जाऊबाई. टिंब राहील की नाही, माहीत नाही. राहिलं तरी आणि नाही राहिलं तरी, त्या चादरीचे आभार मानायचे होते. ते आज मानते.

तुमची,
हिरवी फुली


२२ मार्च

जाऊबाई,

परवा सकाळी टेबलाशी उभी असताना पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त. आता लपवायला काही उरलं नाही. सासूबाईंनी बघितलं, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तुमच्या दिरांना हाक मारली. इतक्या शांतपणे की मला वाटलं, त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतंच. "अगं, गठ्ठ्यांत डॉक्टरीणबाई आल्या तेव्हाच कळलं," म्हणाल्या.

हॉस्पिटलला जाताना तुमचे दीर टेम्पो असा चालवत होते की खड्डा दिसला की गाडी थांबवायचे, उतरून खड्ड्याकडे बघायचे आणि मग हळू पुढे घ्यायचे. मागचे लोक शिव्या घालत होते. मी म्हणाले, अहो, अशाने मी टेम्पोतच म्हातारी होईन.

टिंब होतं. मोठं झालं होतं, हात हलवत होतं. मी पडद्याकडे बघितलं नाही आधी, डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या हसल्या, मग मी बघितलं.

तुमच्या दिरांनी विचारलं, "ही ओले गठ्ठे उचलत होती आधी. त्याने झालं का?"

"नाही."

"जिने चढते दिवसभर."

"त्यानेही नाही. यांनी काही केलं म्हणून हे झालेलं नाही, आणि काही केलं नाही म्हणूनही नाही."

"मग आता पलंगावरून उठू देत नाही."

"नुसतं पडून राहिल्याने हे थांबतं असं दिसलेलं नाही. दमल्या की बसू द्या. जड कामाला हात लावा, तो एरवीही लावलेला चांगला."

तुमच्या दिरांनी ते मनावर घेतलं. घरी आल्यापासून जड कामाला हात लावताहेत. काल तर माझ्या हातातून चहाचा कप काढून घेतला, जड म्हणून.

रात्रीचं जेवण झाल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि तुमचं सांगितलं. मला माहीत नव्हतं. तुम्हाला दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा असंच रक्त दिसलं आणि दोन्ही वेळा पुढे गेलं नाही. त्या म्हणाल्या, "तिला येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं, कसं झालं, काय उचललंस. दर वेळी तिला पहिल्यापासून सांगावं लागायचं. एकदा म्हणाली मला, आई, रक्त थांबलं पण माणसं थांबत नाहीत."

मग मला उलगडलं. मी समजत होते तुम्ही रुसलात म्हणून विचारत नाही. रुसला होतातच, त्या गुलाबी चादरींवरून, त्यात काही शंका नाही. पण चादर हातात आल्यानंतर तुम्ही जे गप्प राहिलात ते रुसव्याने नव्हे. मला कोणालाच काही सांगावं लागू नये, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. आणि स्वतःचं दुःख जागं झालेलं असताना माझे गठ्ठे उचललेत. जाऊबाई, माझी सख्खी बहीण असती तर तिने शंभर प्रश्न विचारले असते. तुम्ही एकही विचारला नाहीत, ते मी जन्मभर विसरणार नाही.

एक सांगू का? डॉक्टरीणबाई तुमच्या दिरांना जे म्हणाल्या ते तुम्हाला कधी कोणी म्हटलं होतं का? यांनी काही केलं म्हणून हे झालेलं नाही, असं? सासूबाईंना आठवत नाही. कोणी म्हटलं नसेल तर मी म्हणते. तुम्ही काही उचललंत म्हणून झालं नाही. तुम्ही काही केलं म्हणून झालं नाही. दोन्ही वेळा. मी काही डॉक्टर नाही, पण मी दोनदा नीट विचारून आलेय.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

हिरवी फुली


९ मे

जाऊबाई,

रक्त थांबलं. थांबून इतके दिवस झाले की आता मी सकाळी उठल्या उठल्या चादर बघत नाही. म्हणजे बघते, पण आधी चहा घेते.

काल टेबलाशी बसून मोजे जुळवत होते (उभं राहायला बंदी आहे, सासूबाईंनी स्टूल आणून ठेवलंय) आणि पोटात आतून कोणीतरी हळूच टकटक केली. मी मोजा हातात धरून तशीच बसले. सासूबाई म्हणाल्या, "काय, जोडी मिळत नाही का?" मी म्हणाले, मिळाली.

घरात सगळे आता पोटातल्याला टिंबच म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी मात्र लगाम घातलाय. म्हणाल्या, बाळ छान आहे, पण सुरुवातीला इतकं रक्त गेलं असलं की काही बाळं थोडी लवकर येतात, काही थोडी लहान असतात. सगळीच नाहीत. पण लक्ष ठेवायचं, तपासण्या चुकवायच्या नाहीत. मी एकही चुकवलेली नाही. तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या मजल्यावर आता मला सगळे ओळखतात. एक सिस्टर तर विचारते, आज गठ्ठे घेऊन आलात की पोट घेऊन?

तुमच्या जागी निवडायला एक मावशी ठेवल्यात. बिचाऱ्या चांगल्या आहेत, पण खिसे तपासत नाहीत. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाच्या कोटाबरोबर शाईचं पेन धुऊन निघालं. तुमच्या दिरांनी तो कोट बघितला आणि म्हणाले, "वहिनी असती तर..." आणि पुढे बोललेच नाहीत. घरात आणि लाँड्रीत ही अशी अर्धी वाक्यं बरीच पडलेली आहेत.

हिरवी फुली


१७ जुलै

जाऊबाई,

आज मी चिडलेय. तीन पत्रं पाठवली, तुमची एक ओळ नाही. उत्तर नको असं मीच लिहिलं होतं, पण ते काय खरं मानायचं असतं? एक ओळ लिहिली तर हात झिजणार आहे का तुमचा? एवढे गठ्ठे उचलून झिजला नाही तो.

तपासणीत बाळ थोडं लहान भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी करू नका, पण आता लवकर लवकर बोलवेन. काळजी करू नका म्हटलं की माणूस दुसरं काय करतो? घरी येऊन मी सासूबाईंवर उगीच खेकसले, तुमच्या दिरांवर खेकसले आणि मग कोणी उरलं नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

इतकं लिहून झालं आणि भावजींचा फोन आला, तुमच्या दिरांना. मी शेजारी बसून ऐकत होते. भावजी म्हणाले, ती पत्रं वाचते. मशीन सुरू करते आणि त्याच्या आवाजात उभ्याउभ्या वाचते. दुसरं पत्र तर तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. तो मधला भाग, कोणी काही केलं म्हणून झालं नाही, तो पुन्हा वाच म्हणाली. मी वाचला. मग ती बराच वेळ चादरी झटकत होती, झटकून झालेल्याच.

एवढं ऐकलं आणि माझा सगळा राग उतरला. वरचा भाग खोडत नाही. रागही तुम्हालाच पोचू दे, आपल्या माणसाशिवाय कोणावर काढणार? पण उत्तर मात्र नका लिहू. मला मिळालं.

हिरवी फुली


३ सप्टेंबर

जाऊबाई,

मुलगी झाली. काल दुपारी. महिनाभर आधीच आली बया, कोणाला न विचारता. लहान आहे, पण आवाज लहान नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास स्वतः घेतेय, दूध ओढतेय, थोडे दिवस उबेत ठेवू आणि वजन वाढलं की घरी. मी त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. त्या म्हणाल्या, अहो, मला अजून दोन बायका बघायच्यात.

आता ऐका, कारण हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला झोप येणार नाही.

संध्याकाळी मला लहान बाळांच्या खोलीत नेलं. ओळीने पाळणे, आणि प्रत्येक पाळण्यात गुलाबी चादरीचे चौकोन. मला वाटलं हॉस्पिटलने नव्या आणल्या. जवळ जाऊन कोपरा बघितला, सवयीने. निळे तीन टाके. तुमच्या हातचे. जाऊबाई, त्या आपल्या चादरी आहेत. त्या गठ्ठ्यातल्या, ज्यावरून आपण महिनोन्महिने तोंडं फिरवून बसलो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "त्या परत आल्या तेव्हा मोठ्या वॉर्डात कोणी घेईना. मग आम्हीच मागून घेतल्या, कापून बाळांसाठी केल्या. फार गोड दिसतात. तुमच्याकडे आणखी आहेत का अशा?"

माझी मुलगी आपल्या भांडणावर झोपली होती, मुठी वळून.

मी हसत होते तेवढ्यात सासूबाई आल्या. बाहेर पावसाचा गारवा म्हणून गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला. लाल. पण लाल म्हणजे धुऊन धुऊन उतरलेला, जागोजागी फिका. हा मफलर मी कधी बघितला नव्हता. मी मफलरकडे बघितलं, पाळण्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आई, हा कुठून आला?"

सासूबाई छताकडे बघू लागल्या.

"आई."

"नवा होता," म्हणाल्या. "तू भरलेल्या मशीनमध्ये वाकून एक राहिलेली चादर टाकत होते, गळ्यातून कधी पडला कळलंच नाही. बाहेर काढला तर सगळं गुलाबी. मी तो लपवला आणि म्हटलं, संध्याकाळी सांगेन. संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघी एकमेकींचं ऐकायच्या पलीकडे गेला होतात. मग रोज वाटायचं, उद्या सांगते."

"आणि रोज आमचे निरोप पोचवत होतात?"

"तेवढी शिक्षा भोगलीच की," म्हणाल्या.

रागवावं असं मनात होतं, पण नातीला बघून त्यांचे डोळे इतके भरले होते की मी त्यांना स्टूल दिलं. आता तुम्हीही रागावू नका. चूक तुमची नव्हती. माझीही नव्हती. याबाबतीतही नव्हती.

हिरवी फुली


२१ सप्टेंबर

जाऊबाई,

आम्ही घरी आलो. टिंबाचं वजन वाढलं, अंग भरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी शेवटचं तपासलं आणि म्हणाल्या, आता हिला गठ्ठ्यात घालून न्या. मी तुमचं नाव काढलं त्यांच्यापाशी. म्हणाले, मला तुमच्याकडे माझ्या जाऊबाईंनी पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, त्यांना सांगा, चांगलं केलंत.

आणि आज दुपारी तुमचं पार्सल आलं. पत्त्यावर नाव सासूबाईंचं. आत सहा दुपटी आणि एक चिठ्ठी. सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचली: "त्यांना सांगा, पहिल्यांदा थंड पाण्यात धुवा."

मी शेजारीच बसले होते, बाळाला घेऊन. सासूबाईंनी चिठ्ठी खाली ठेवली, माझ्याकडे मान वळवली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "तुला सांगितलंय, पहिल्यांदा थंड पाण्यात धू." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की टिंब दचकून रडायला लागली.

दुपटी हातात घेतली तर कापड ओळखलं. तुमची जुनी चादर, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. एका कोपऱ्यात बारीक भोकं होती, तिथे तुमची जांभळी फुली होती आणि तुम्ही ती उसवलीत. तिच्याशेजारी नवी फुली घातलीत. सगळ्या सहा दुपट्यांवर. पिवळी.

सासूबाईंनी ती बघितली आणि त्यांचं हसू थांबलं. बोटाने टाके चाचपत राहिल्या. म्हणाल्या, "हे रीळ तिने पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा आणलं होतं. तिच्या बाळासाठी. तेव्हापासून हा रंग तिने कोणाला दिला नाही गं, तुलासुद्धा नाही."

जाऊबाई, मी काय लिहू? आभार हा शब्द पहिल्या पत्रातच वापरून बसले, आता तो पुरत नाही. तिला तुमची खूण मिळाली, आता तुम्ही या आणि तिला बघा. निवडायचं टेबल तसंच आहे, दोन टोकांचं. मी एका टोकाला उभी राहीन, आणि मधे सासूबाई नसतील.

तुमचं ऐकलं. थंड पाण्यात धुतली, हाताने. पिळून मागच्या अंगणात घातली, कडक उन्हात, दुपारभर. संध्याकाळी काढून आणली आणि खिडकीशी धरून एकेक कोपरा बघितला.

पिवळा उडत नाही.